तिकीट आणि मत

१८९९ साली बॉम्बे ट्रामवे कंपनीने मुंबई महापालिकेपुढे एक मागणी ठेवली. घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेची ट्राम आणायची तर भांडवल फार लागेल, तेव्हा महापालिकेने कंपनी विकत घेण्याचा आपला हक्क सोडून द्यावा. हा हक्क बॉम्बे ट्रामवेज कायद्याने शहराला दिलेला होता आणि तो १९०१ मध्ये बजावता येणार होता. कंपनीच्या बाजूने पाहिलं तर मागणीत गैर काही नव्हतं. दोन वर्षांनी जे हातचं जाणार, त्यात आज लाखो रुपये कोण घालील? महापालिकेने मात्र हक्क सोडला नाही. उलट कंपनीच ताब्यात घ्यायचं ठरवलं आणि त्यातून कायद्याचे बरेच गुंते उभे राहिले. आज बेस्टचा, म्हणजे मुंबईच्या बस चालवणाऱ्या महापालिकेच्या उपक्रमाचा, विषय निघाला की चर्चा तोट्याच्या आकड्याने सुरू होते आणि बहुधा तिथेच थांबते. १८९९ चा वाद त्याहून मोठ्या प्रश्नावर होता : रस्ता शहराचा, त्यावरून जाणारी माणसं शहराची, मग त्या रस्त्यावरच्या धंद्यात शेवटचा शब्द कुणाचा? मुंबईच्या ट्राम आणि बसचा दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. प्रवाशाचं बरंवाईट मालक खासगी आहे की सरकारी यावर जेवढं ठरलं, त्याहून अधिक ते त्याला जाब विचारायला कुणी समोर होतं की नाही यावर ठरलं. मालकी महत्त्वाची ठरली ती त्या जाबामुळे.

सुरुवात पूर्णपणे धंद्याच्या हिशेबाने झाली. १८६५ मध्ये एका अमेरिकन कंपनीने मुंबईत घोड्यांची ट्राम चालवण्याचा परवाना मागितला होता, पण अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून कापसाची तेजी कोसळली आणि त्या मंदीत ती योजनाही विरली. पुढे १८७३ मध्ये बॉम्बे ट्रामवे कंपनी स्थापन झाली, १८७४ मध्ये कायदा झाला आणि ९ मे १८७४ रोजी कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी अशा दोन मार्गांवर ट्राम धावू लागली. भाडं होतं तीन आणे. महिन्यात पंचवीस दिवस जाऊन-येऊन प्रवास केला तर नऊ रुपये सहा आणे होतात, आणि त्या काळी साध्या मजुराची महिन्याची कमाई याहून फार जास्त नसे. म्हणजे ही सोय गिरणगावासाठी नव्हती, ती फोर्टात कचेरी असलेल्यांसाठी होती. काही काळातच कंपनीने भाडं दोन आण्यांवर आणलं आणि फुकट प्रवास रोखण्यासाठी तिकिटंही छापली. खासगी मालकीच्या बाजूने बोलणारा इथे म्हणेल की बघा, कुणी सक्ती न करता भाडं उतरलं. ते खरंच आहे. गाड्या भरायच्या तर भाडं उतरवावं लागतं, हे कंपनीला कुणी शिकवावं लागलं नाही. पण ही सवलत ज्याच्या खिशात दोन आणे होते त्याला मिळाली. ज्याच्याकडे तेही नव्हते त्याच्याशी कंपनीचा काही संबंध नव्हता आणि तसा तो असावा अशी अपेक्षाही कुणी केली नव्हती.

मग १८७४ च्या कायद्यात शहराचा खरेदीचा हक्क आला तरी कशासाठी? ब्रिटनच्या १८७० च्या ट्राम कायद्यात २१ वर्षांनी स्थानिक संस्थेला ट्राम विकत घेता येईल असं कलम होतं, मुंबईतला विचार त्याच जातीचा होता. रस्ता ही सामायिक मालमत्ता, तिच्यावर एकट्याचा मक्ता कायमचा असू नये, एवढं तत्त्व त्यामागे होतं. मात्र हा हक्क बजावणार कोण, हे विसरून चालणार नाही. १८७२ च्या कायद्याने मुंबई महापालिकेत ६४ सभासद झाले आणि त्यांतले ३२ करदात्यांनी निवडून द्यायचे होते. बाकीचे निम्मे सरकार आणि जस्टिस ऑफ द पीस यांच्या मार्गाने येत. करदाता म्हणजे घरमालक, व्यापारी, वकील. चाळीतला भाडेकरू त्यात बसत नव्हता. सर फिरोजशहा मेहतांसारखे मोठ्या ताकदीचे लोक त्या सभागृहात होते आणि कंपन्यांना त्यांनी सहज मोकळं सोडलं नाही, पण त्या सभागृहाचा धनी करदाता होता. ट्रामच्या पायरीवर उभा राहणारा माणूस तिथे कुणाच्याही मतदारयादीत नव्हता.

१९०५ मध्ये जो तोडगा निघाला त्याने पुढची शंभर वर्षं घडवली. ट्रामचा धंदा आणि शहराला वीज पुरवण्याचा धंदा एकाच नव्या कंपनीकडे गेला. बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी या नावाने ती उभी राहिली, तिने जुन्या ट्राम कंपनीची मालमत्ता ९८ लाख ५० हजार रुपयांना घेतली आणि १९०७ मध्ये विजेची ट्राम सुरू केली. वीज आणि वाहतूक एका वहीत लिहिली जाण्याची ही सुरुवात होती. ट्रामला वीज लागते हे वरवरचं कारण झालं. खरं कारण असं की दोन मक्ते एकत्र मिळाले की गुंतवणूकदाराला भरवसा वाटतो : एकात चढउतार झाला तरी दुसरा सांभाळून घेतो. विजेच्या नफ्यावर बस चालवणं ही महापालिकेची खर्चिक उदारता, असं पुढे वारंवार म्हटलं गेलं. पण दोन धंद्यांची ही गाठ खासगी कंपनीच्या काळात, तिच्या सोयीने मारली गेली होती, हे त्या टीकेत कधी येत नाही.

कंपनीने शहराला वाईट सेवा दिली असं म्हणणं अन्याय होईल. १९२० मध्ये दुमजली ट्राम आली. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली. पण बसच्या भाड्यात कंपनीचा विचार दिसतो. ट्राम ससून डॉकपासून दादरपर्यंत दीड आण्यात नेत असे, त्याच अंतराला बस चार आणे घेई. कितीतरी वर्षं बस ही वरच्या मध्यमवर्गाची गाडी मानली गेली आणि ट्राम गरिबाची. कंपनीच्या दृष्टीने यात चूक काही नव्हती, ज्याची जशी ऐपत तशी त्याला गाडी. मात्र शहर उत्तरेकडे वाढत असताना नवी आणि वेगवान गाडी कुणासाठी, हे भागधारकांच्या सभेत ठरत होतं. ज्यांना दूर राहावं लागत होतं त्यांचा त्या सभेशी संबंध नव्हता.

महापालिकेने अखेर खरेदीचा हक्क बजावला तो १९०५ च्या करारानंतर बेचाळीस वर्षांनी, ७ ऑगस्ट १९४७ रोजी. तेव्हा २३ मार्गांवर २४२ बस होत्या आणि त्या रोज सुमारे २ लाख ३८ हजार प्रवासी नेत. स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधीची ही तारीख आठवणीत राहण्याजोगी आहे खरी, पण माझ्या मते त्याहून निर्णायक वर्ष १९४८ आहे. त्या वर्षीची महापालिका निवडणूक प्रौढ मतदानाने झाली. १९४७ मध्ये बेस्ट शहराची झाली, आणि ट्रामची पायरी चढणारा माणूस त्या शहराचा मतदार झाला तो १९४८ मध्ये. या दोन घटना एकमेकींना लागून घडल्या म्हणून मुंबईची बससेवा देशात नावाजली गेली. नुसती पहिली घडली असती तर मालक बदलला असता, जाब विचारणारा तोच राहिला असता. बेस्ट समिती नावाची वैधानिक समिती, तिच्यात महापालिकेने नेमलेले सदस्य, महाव्यवस्थापकाने समितीपुढे मांडायचा अर्थसंकल्प, भाडेवाढीला आधी समितीची आणि मग सभागृहाची मंजुरी : कागदावर हे सगळं रुक्ष वाटतं. पण याच रचनेमुळे एखाद्या वस्तीला बस का नाही, हा प्रश्न नगरसेवकाच्या दारात, तिथून समितीत आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात जात असे. १९५० मध्ये आणि पुन्हा १९५७ मध्ये शहराची हद्द वाढली, दहिसर आणि मुलुंडपर्यंत महापालिका पोहोचली. पाठोपाठ बसही पोहोचली, आणि त्यांतले कितीतरी मार्ग असे होते की नुसत्या तिकिटांच्या उत्पन्नावर ते कुणी चालवले नसते.

या व्यवस्थेचं अवाजवी गुणगान मला करायचं नाही. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. गरिबाची म्हणून ओळखली गेलेली गाडी बंद केली ती कंपनीने नव्हे, लोकांनी निवडून दिलेल्या महापालिकेच्या उपक्रमाने. ट्राम मोटारींच्या वाटेत येते हा तेव्हाचा जगभरचा समज होता आणि मुंबईनेही तो स्वीकारला. आज कितीतरी शहरं रूळ पुन्हा अंथरत आहेत, तेव्हा तो निर्णय चुकीचा वाटतो. नोकरभरतीत राजकारण झालं, कामगार संघटनांशी सौदे झाले, गाड्यांच्या खरेदीवर आरोप झाले. निवडून आलेली समिती शहाणीच असते असं नाही. पण चूक कुणी केली हे तिच्या बाबतीत कळतं, आणि पाच वर्षांनी त्याला घरी बसवता येतं. या गोष्टीचं मोल ती नाहीशी झाल्यावर कळतं.

आता विजेचा प्रश्न. बेस्टची वीज मुंबई बेटापुरती, शीव आणि माहीमपर्यंत. तिथल्या ग्राहकाच्या बिलातून जो नफा उरे त्यातून बसची तूट भरली जाई. यावरचा आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळू नये : परळच्या चाळीतल्या भाडेकरूने आपल्या वीजबिलातून बोरिवलीच्या बसचा खर्च का उचलावा? बोरिवलीकराची वीज तर दुसऱ्याच कंपनीची. न्यायाच्या दृष्टीने या व्यवस्थेत खोट होती हे मान्य करायला हवं. पण त्यावरचा उपाय एकच होता : बसचा भार बेटावरून काढून साऱ्या शहराच्या करांवर टाकायचा. २००३ च्या वीज कायद्यानंतर नियामक आयोगाच्या देखरेखीखाली विजेचे आणि बसचे हिशेब वेगळे पाहिले जाऊ लागले, बसची तूट वीजग्राहकाकडून वसूल करण्यावर वर्षानुवर्षं खटले चालले आणि शेवटी ती वाट बंद झाली. जुना आधार गेला, त्याच्या जागी कायमचा नवा आधार मात्र कुणी बांधला नाही. बस पूर्वीइतकीच तुटीत होती. एवढंच की ती तूट आता एका वेगळ्या पानावर, उघडी दिसू लागली आणि तिला उपक्रमाचं अपयश म्हटलं जाऊ लागलं. याच महापालिकेने १३ हजार कोटींहून अधिक खर्चून सागरी किनारा मार्ग बांधला. त्यावर टोल नाही, म्हणजे तिकिटाचं उत्पन्न शून्य. तरीही त्याचा वार्षिक तोटा कुणी मोजत नाही, त्याला पायाभूत सुविधा म्हणतात. मोटारीने जाणाऱ्याला दिलेला पैसा गुंतवणूक आणि बसने जाणाऱ्याला दिलेला पैसा तोटा, हा भेद कुठल्याही हिशेबाच्या शास्त्रातून येत नाही.

हा गोंधळ मुंबईपुरता नाही. एसटी ज्या १९५० च्या रस्ते वाहतूक महामंडळ कायद्याखाली चालते, त्याचं २२ वं कलम महामंडळाने व्यावसायिक तत्त्वांवर कारभार करावा असं सांगतं. त्याच कायद्याचं ३० वं कलम नफ्यातला वाटा प्रवाशांच्या सोयींवर आणि कामगारांच्या कल्याणावर खर्च करण्याची मुभा देऊन उरलेला भाग रस्त्यांसाठी राज्य सरकारकडे द्यायला सांगतं. कायदा करणाऱ्यांना खात्री होती की एसटी नफा मिळवील आणि तो नफा प्रवाशाकडे परत जाईल. पुढे काय झालं? एसटीच्या तिकिटावर राज्याने साडेसतरा टक्के प्रवासी कर बसवला. खेड्यातल्या प्रवाशाकडून कर घ्यायचा, त्याच्या गाडीला तोट्यातली म्हणायचं, आणि त्या तोट्याचा दाखला देऊन गाडीची फेरी बंद करायची, हे व्यावसायिक तत्त्व नव्हे.

बेस्टवर विजेचा आधार तुटल्याचा परिणाम दशकभरात दिसला. २०१० च्या आसपास साडेचार हजारांच्या घरात असलेला ताफा आटत गेला. २०१५ मध्ये फेब्रुवारीत आणि पुन्हा एप्रिलमध्ये भाडं वाढलं, किमान तिकीट सहावरून आठ रुपयांवर गेलं आणि प्रवासी शेअर रिक्षाकडे वळले. जानेवारी २०१९ मध्ये कामगारांनी नऊ दिवस संप केला. त्याच वर्षी ९ जुलैला किमान भाडं पाच रुपयांवर आलं, महापालिकेने अनुदान देऊ केलं आणि प्रवासी परतू लागले. भाडं उतरवून गाड्या भरता येतात, हे बॉम्बे ट्रामवे कंपनीला १८७४ मध्येच कळलं होतं. पण अनुदानासोबत एक अट आली : नव्या गाड्या भाडेतत्त्वावर घ्यायच्या. गाडी कंत्राटदाराची, चालक त्याचा, देखभाल त्याची, बेस्टने किलोमीटरमागे पैसे द्यायचे. उपक्रमाचा स्वतःचा ताफा ३,३३७ गाड्यांच्या खाली जाणार नाही असं कामगार संघटनेशी झालेल्या करारात होतं. २०२५ मध्ये तो एक हजाराच्याही खाली गेला होता.

कंत्राटाच्या बाजूने बोलणारे खर्चाचा आकडा पुढे करतात : बेस्टच्या स्वतःच्या गाडीपेक्षा भाड्याची गाडी किलोमीटरमागे स्वस्त पडते. पडतेच. पण ती स्वस्त का पडते हेही विचारलं पाहिजे. त्यातला मोठा वाटा चालकाच्या कमी पगाराचा आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये याच चालकांनी पगारवाढीसाठी संप केला तेव्हा शहरभर थांब्यांवर माणसं ताटकळली, आणि हे कामगार आमचे नव्हेत, असं सांगायची सोय उपक्रमाला होती. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्यात भाड्याची विजेची बस गर्दीत शिरली, सात किंवा त्याहून अधिक माणसं गेली. चालकाला त्या गाडीचं शिक्षण पुरेसं दिलं होतं का, ते द्यायचं कुणी, तपासायचं कुणी, हे प्रश्न कंत्राटदार आणि उपक्रम यांच्यामध्ये फिरत राहिले. गाडीवर नाव बेस्टचं, रंग बेस्टचा, पण उत्तर द्यायला कुणीच पूर्णपणे बांधील नाही.

यावर लंडनचा दाखला दिला जातो आणि तो योग्यच आहे. लंडनच्या बस खासगी कंपन्या चालवतात आणि ती सेवा चांगली आहे. मात्र तिथे मार्ग, वेळापत्रक आणि भाडं ठरवते ती ट्रान्सपोर्ट फॉर लंडन ही संस्था. तिच्या माथ्यावर २००० पासून थेट निवडून आलेला महापौर आहे आणि प्रवाशांची बाजू मांडायला कायद्याने नेमलेली स्वतंत्र संस्थाही आहे. लंडनबाहेर १९८६ पासून बस पूर्ण मोकळी सोडली गेली, तिथे मार्गही कंपन्याच ठरवू लागल्या. मँचेस्टरने २०२३ ते २०२५ या काळात टप्प्याटप्प्याने तो अधिकार परत घेतला, गाड्या हाकणाऱ्या कंपन्या मात्र खासगीच राहिल्या. म्हणजे कंत्राट देणं हा मूळ दोष नाही. कंत्राट देणाऱ्याला लोकांसमोर उभं राहावं लागतं की नाही, हा खरा प्रश्न आहे.

मुंबईत तो प्रश्न अगदी उघड्यावर आला. ७ मार्च २०२२ रोजी महापालिकेची मुदत संपली. निवडणूक झाली नाही, प्रशासक आला आणि सभागृहाबरोबर बेस्ट समितीही गेली. १९८४-८५ मध्येही शहरावर प्रशासक होता, पण तो सुमारे वर्षभर. या खेपेला तीन वर्षं उलटली तरी सभागृह नव्हतं, आणि अशा अवस्थेत ९ मे २०२५ पासून किमान भाडं पाचावरून दहा रुपये झालं, वातानुकूलित गाडीचं सहावरून बारा. प्रशासकाच्या बाजूने एक युक्तिवाद होतो : निवडून आलेले लोक मतांसाठी भाडं वाढवत नाहीत, उपक्रम बुडवतात, तेव्हा कटू निर्णय अधिकाऱ्यानेच घ्यावा. याला उत्तर २०१५ चं आहे. तेव्हा सभागृह होतं, समिती होती, आणि तिने तीन महिन्यांत दोनदा भाडं वाढवलं. समिती असती तर २०२५ मध्येही वाढ टळली असती असं नाही. पण कंत्राटदाराला किलोमीटरमागे किती जातात, स्वतःच्या गाड्या इतक्या का घटल्या, ३,३३७ चं वचन कुणाच्या सहीने मोडलं, हे प्रश्न भाडं दुप्पट होण्याआधी सभेत विचारले गेले असते आणि महाव्यवस्थापकाला त्यांची उत्तरं इतिवृत्तात नोंदवावी लागली असती.